आदिमानव फक्त मांसच खायचा का?

'पॅलिओ डाएट'च्या नावाखाली भात-भाकरी बंद करा, असे सल्ले सोशल मीडियावर फिरतात. आदिमानव मांसावरच जगायचा, हा त्यामागचा दावा. पुरावे मात्र वेगळं सांगतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्ह या गुहेत सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या पिष्टमय कंदांचे जळके अवशेष मिळाले. जॉर्डनमध्ये १४ हजार वर्षांपूर्वीच्या पावाचे तुकडे सापडले. तेव्हा शेतीही सुरू झाली नव्हती. टांझानियातले हादझा लोक आजही शिकारीसोबत कंद, मध आणि गोरखचिंच खातात.

त्यांच्या ताटात मैदा आणि गोड पेयं नव्हती, खरा फरक हा. त्यामुळे कमी करायचंच तर आधी बिस्किटं, रताळं नव्हे. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं तोडू नयेत. रक्तातली साखर धोकादायकरीत्या घसरू शकते.