पण वाचकाला लक्षात कोण घेतो?

मी लेखक नाही, टीकाकार नाही, प्राध्यापक तर नाहीच नाही. परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी लागते, तेथे माझे बी-बियाण्यांचे आणि खतांचे लहानसे दुकान आहे. गल्ल्यामागे बसून गेली चाळीस वर्षे मी मराठी कथा-कादंबऱ्या वाचीत आलो आहे. मृग बरसला की पंधरा दिवस मान वर करायला फुरसत नसते. एरवी गिऱ्हाईक आणि पुस्तक ही दोन्ही दैवते मी आळीपाळीने पुजतो. मराठी कादंबरीविषयी बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की मी पदरचे पैसे मोजून पुस्तक घेतो. माझ्याकडचे बी उगवले नाही तर शेतकरी रिकामी पिशवी घेऊन दुकानात येतो आणि चारचौघांत मला बोल लावतो. मी ऐकून घेतो. आज पिशवी माझ्या हातात आहे. लेखकमहाशयांनी घटकाभर ऐकून घ्यावे.

पहिले गाऱ्हाणे माझ्या धंद्याचेच आहे. खेड्यावरची नवी कादंबरी उघडली, की पहिल्या पन्नास पानांत एक दुकानदार येतो. त्याला पोट असते, हातात अंगठ्या असतात आणि मन नसते. शेतकऱ्याला नाडणे एवढाच त्याचा जन्मधर्म. असे दुकानदार जगात नाहीत असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक पुस्तकात तोच एक कसा भेटतो? पेरणीला उधार द्यायचे आणि सुगीला वसूल करायचे, हा आमचा व्यवहार. पाऊस ओढ देतो, दुबार पेरणी येते, तोच माणूस त्याच वहीत दुसऱ्यांदा नाव मांडायला येतो. आधीचे फिटलेले नसते. नाही म्हणावे तर त्याचे रान पडीक राहते, हो म्हणावे तर वरच्या व्यापाऱ्याचा फोन मला झोपू देत नाही. समोरचा माणूस बालपणीचा सोबती असतो. कथा लिहायची तर ती या क्षणाची लिहावी! पण लेखक या क्षणाशी थांबतच नाही. त्याला झाडापाशी जाण्याची घाई झालेली असते.

होय, झाडापाशी. मराठवाड्यावरची कादंबरी म्हणजे शेवटी फास, असा जणू दंडकच पडून गेला आहे. आमच्या मुलखात ते दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा करण्याइतका मी निर्दय नाही. परंतु शेतकरी कर्जात बुडतो म्हणजे नेमका कसा बुडतो, हे कितीजण सांगतात? पीककर्ज बँकेचे, बायकोचे मंगळसूत्र सोनेतारणात, थोडी रक्कम बचतगटाची, थोडी मेव्हण्याची, खताची उधारी माझ्याकडे, आणि आडत्याकडून लग्नासाठी घेतलेली उचल. यांतले कोणते देणे आधी फेडायचे, कोणापुढे खाली मान घालायची, कोणाची वाट टाळून घरी जायचे, यात सगळे नाट्य आहे. ते ज्याने पाहिले नाही तो मरणाचे वर्णन करतो. कारण मरणाला हिशेब लागत नाही.

दुसरे गाऱ्हाणे पुण्याच्या खोलीविषयी. १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. खेड्यातला मुलगा पुण्यात शिकायला जातो, सगळ्यातून त्याचे मन उडते. असे कोणी तोवर तशा भाषेत लिहिले नव्हते. ते नवेपण त्या पुस्तकाचे होते, त्याचा मान त्या पुस्तकाला. पण साठ वर्षे उलटली तरी तिचे नातू-पणतू तीच खोली, तीच सिगारेट आणि तोच कंटाळा घेऊन आमच्या दारात उभे आहेत. नायक बहुधा लेखक असतो, त्याचे मित्र लेखक असतात, आणि जगाचे मोठे दुःख म्हणजे याची कादंबरी पुरी होत नाही हे! माझ्या गावची पोरे आजही पुण्याला जातात, स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन अभ्यासिकेत बसतात. बाप इकडे तूर विकून खोलीचे भाडे पाठवतो. तिशी उलटते, यादीत नाव येत नाही, आणि गावी परतायला तोंड राहत नाही. या मुलाला कंटाळा करण्याची चैन परवडत नाही. त्याची कादंबरी मला हवी आहे. त्याच्या आईच्या बाजूने लिहिली तर आणखी हवी.

तिसरे गाऱ्हाणे, पुढे काय झाले हे सांगण्याची लेखकांना वाटू लागलेली लाज. कथेत कथा असणे म्हणजे काहीतरी गावंढळ, अशी समजूत कोठून शिरली कोण जाणे. पुस्तक कळले नाही असे म्हटले, की वाचकाची तयारी कमी पडते असे उत्तर मिळते. हेच मी शेतकऱ्याला सांगू का, की बाबा, बी उत्तम आहे, तुझ्या जमिनीची तयारी कमी पडली?

यावर एक ठरलेला बचाव आहे: आता वाचकच उरला नाही, सगळे मोबाइलमध्ये गेले. लेखकमहाशय, एकदा आमच्याकडच्या अखंड हरिनाम सप्ताहाला या. रात्रीच्या कीर्तनाला दिवसभर रानात राबलेली माणसे, लेकुरवाळ्या बाया, तरणी पोरे मांडी घालून बसलेली असतात. बुवा आख्यान लावतात आणि कोणी उठत नाही. ऐकलेली गोष्ट असूनही उठत नाही. गोष्टीची भूक मेलेली नाही. ताटात काय पडते, हा प्रश्न आहे.

आणि चांगले लिहिणे आमच्या मातीला जमत नाही असेही नाही. परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याला १९१३ साली बी. रघुनाथ जन्मले. राज्य निजामाचे, दरबाराची भाषा उर्दू, पोटासाठी सरकारी कारकुनी. चाळिशीत, १९५३ साली, ते गेले. पण तेवढ्या आयुष्यात त्यांनी मराठी कविता, कथा आणि कादंबरी लिहिली, ती कोणाच्या शाबासकीसाठी? रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’त १९७१ साली खेड्यातल्या शिंप्याच्या घराची परवड घरच्या बाईच्या तोंडून ऐकली आणि आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मध्ये बाजारात भाव नाही म्हणून टोमॅटो तुडवणारा बाप आहे. कोणी मरत नाही, तरी काळीज फाटते. आमच्याच जिल्ह्यातले आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथांत गावातले राजकारण, पाणी, जात, पैसा कसा हलतो ते कळते. हे लोक गावाकडे दुर्बिणीतून पाहत नाहीत. माझी तक्रार म्हणूनच आहे: जे जमते ते इतके क्वचित का?

मग मागणे काय? फार नाही. माणूस जे काम करतो ते ठाऊक करून घेऊन लिहा. कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली जोडपी, दारोदार फिरणारी आशाताई, जुन्या मशिदीशेजारचा सायकलवाला, पहिल्यांदा वसतिगृहावर चाललेली मुलगी, अशांना कादंबरीच्या मागच्या दारातून नव्हे, पुढच्या दारातून आत घ्या. आमची बोली लिहा. पण ती आम्ही बोलतो म्हणून लिहा, शहरातल्याला गंमत वाटावी म्हणून नको. आणि थोडे हसू द्या! शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्यानंतर खेड्यातली माणसे हसायचीच थांबली की काय? आमच्या पारावर येऊन बसा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे छाती फुगवून म्हणणारा मुलूख हा, येथे दुष्काळातसुद्धा विनोद पिकतो.

१८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः दिली. नावातच वाचकाला प्रश्न होता, आणि वाचकाने तो मनावर घेतला. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तीही घरातल्या सगळ्यांनी फराळाबरोबर वाचावे म्हणून. तेव्हा लेखक विचारीत होता, वाचक ऐकत होता. आता विचारण्याची पाळी आमची आहे. मी या वर्षीही पुस्तके घेणार, अंक घेणार, शेवटच्या पानापर्यंत वाचणार. शेतकरी एक हंगाम बुडाला म्हणून पेरायचे सोडीत नाही. पण पुढचे बी निवडताना तो दाणा तळहातावर घेऊन नीट पाहतो, हे लेखकांनी विसरू नये.