मंडळीची रजा

मराठी ख्रिस्ती समाजात ‘मंडळी’ या शब्दाने उपासनेस जमणारा भाविकसमुदाय सूचित होतो, आणि आमच्या आजोबांच्या पिढीतील गृहस्थ जेव्हा ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे म्हणत, तेव्हा त्याच शब्दाने त्यांची धर्मपत्नी अभिप्रेत असे. हे दोन्ही अर्थ एकाच बाईच्या संसारात एकमेकांसमोर कसे उभे ठाकतात, आणि त्यातून कोणाच्याही मनात कपट नसताना एक अन्याय कसा घडत राहतो, ते मी गेली तीन वर्षे आमच्या नगरच्या चर्चमध्ये पाहत आलो आहे.

नगरला लष्कर नवे नाही आणि ख्रिस्ती धर्मही नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे ठाणे मांडले. रणगाडा दलाचे केंद्र व शाळा १९४८ पासून येथे आहे. तेव्हा चर्चची घंटा आणि भिंगारच्या छावणीतले बिगूल ही दोन्ही ऐकत लहानाची मोठी झालेली घरे आमच्या गावात पुष्कळ आहेत. अशाच एका घरची सून आमचा तरुण संघ चालवते. तिचे यजमान हवालदार असून त्यांची पलटण सध्या लडाखकडे, म्हणजे फौजी लोकांच्या बोलीत ‘फील्डला’ आहे. ‘पीस’च्या ठाण्यावर बदली झाली म्हणजे कुटुंबास क्वार्टर मिळू शकते, फील्डला कुटुंब नेता येत नाही. तोवर ही बाई सासूसासरे, सहा वर्षांची मुलगी आणि शनिवारी सायंकाळी जमणारी आमची वीस-बावीस उनाड पोरे, असा तिहेरी कारभार बिनतक्रार सांभाळते.

शनिवारच्या तालमीला मी मुद्दाम जाऊन बसतो. पेटीच्या झाकणावर तिचा मोबाइल उताणा ठेवलेला असतो. वरच्या ठाण्यावरून फोन केव्हा लागेल याला वेळ नाही, आणि लागला तरी किती मिनिटे टिकेल याला भरवसा नाही. फोनचा दिवा लागला की तबल्यावरचा मुलगा, कोणी न सांगता, दोन्ही पुड्यांवर तळवे ठेवून आवाज दाबतो. गाणारे अर्ध्या ओळीवर थांबतात. ती ओसरीवर जाते. परत आल्यावर कोणी काही विचारत नाही, आणि गाणे सोडले होते त्याच शब्दापासून पुन्हा उचलले जाते. ही रीत त्या पोरांनी स्वतः पाडून घेतली. वडीलधाऱ्या आम्हा मंडळींची रीत याहून निराळी. आम्ही दर रविवारी उपासनेनंतर तिला गाठून ‘साहेब केव्हा येणार?’ असे विचारतो, जणू काही तारखा मुक्रर करणे तिच्या हाती आहे.

फौजेत शिपायापासून सुभेदार-मेजरापर्यंत प्रत्येकास वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती केव्हा आणि किती तुकड्यांत पदरात पडावी, हे मात्र पलटणीच्या सोयीवर असते. नाताळात घरी यावे असे कोणत्या ख्रिस्ती सैनिकाला वाटणार नाही? गतवर्षी या हवालदारांना ती संधी लाभली, आणि नाताळच्या आधी आठवडाभर ते घरी येऊन दाखल झाले. परंतु नाताळचा आठवडा म्हणजे तरुण संघाच्या कामाचा कळस. कॅरल पार्टी रात्री अकरापर्यंत घरोघर फिरते, दिवसा नाटिकेची तालीम असते, मेंढपाळांच्या घोंगड्या गोळा करावयाच्या असतात. तेव्हा झाले काय, की नवरा दहा महिन्यांनी घरी आला आणि बायको चर्चच्या कामाला बाहेर. शेवटी तो गृहस्थच कॅरल पार्टीबरोबर निघाला. डिसेंबरच्या थंडीत आम्ही सारे मफलरी गुंडाळून कुडकुडत होतो, आणि लडाखहून आलेला हा मनुष्य अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, खांद्यावर झोपलेली मुलगी घेऊन, सर्वांच्या मागे शांतपणे चालत होता. अर्पणाची पेटी धरण्यास दुसरे कोणी नव्हते म्हणून तीही आम्ही त्याच्याच हाती दिली. त्या वेळी मला त्यात गोडवा वाटला. आज लाज वाटते.

आमच्या कमिटीतील काही सद्गृहस्थांचे म्हणणे असे की, अशा परिस्थितीतील बाईवर हे ओझे ठेवूच नये, तिला सन्मानाने मोकळे करावे. ही दया मला संमत नाही. नवऱ्याची नोकरी दूरची आहे, या कारणासाठी बायकोचे आवडते आणि तिला उत्तम साधणारे काम काढून घेणे म्हणजे एका ताटातुटीला दुसरी जोडणे होय. ‘कामात मन रमते’ असेही काहीजण म्हणतात. त्यात अर्धे सत्य आहे; उरलेले अर्धे असे की, तिचे मन रमते या सबबीवर आपण आपले अंग काढून घेतो.

शिवाय ती या मुलांना जे देते, ते दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. गेल्या शनिवारी तिने सैनिकांसाठी नाताळची भेटकार्डे लिहावयास बसविले. पत्त्यात पलटणीचे नाव आणि खाली ‘५६ ए.पी.ओ.’ एवढेच. भरतीसाठी रोज पहाटे जामखेड रस्त्यावर धावणाऱ्या एका मुलाने विचारले, ‘ताई, गावाचं नाव?’ ती म्हणाली, ‘गावाचं नाव नसतं रे त्यात. लिही.’ त्याने लिहिले खरे, पण कार्ड पाकिटात घालण्यापूर्वी तो त्या पत्त्याकडे बराच वेळ पाहत होता. भरतीस जा किंवा जाऊ नको, यांपैकी ती काहीच बोलली नाही.

आपल्या फौजेने सैनिकाच्या धर्माचा विचार पलटणीतच केलेला आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्रीसाहेबांचीही भरती होते आणि ते सुभेदारांच्या वर्गातील अधिकारी असतात. सर्व धर्मांचे उपासनास्थान एका आवारात नांदते. सरकारने त्यासाठी पगारी हुद्दा निर्माण केला. त्याच सैनिकाच्या घरासाठी चर्चने काय निर्माण केले? रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत ‘सीमेवरील आमच्या जवानांसाठी’ हे शब्द न चुकता येतात, आणि ते शब्द ऐकत एक बाई तिसऱ्या बाकावर बसलेली असते, हे प्रार्थना करणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

म्हणून मी कमिटीपुढे एक साधी दरखास्त ठेवली. तरुण संघास एकाच्या जागी दोन नायक असावेत. सैनिकाच्या घरचे माणूस नायक असेल, तर घरधनी सुट्टीवर आल्या दिवसापासून परत जाईपर्यंत त्यास रजा मंजूरच समजावी, अर्ज करावा लागू नये. आणि ही रजा नाताळात पडली तरी चालावी. अर्ज नको, हा त्यातील मुख्य मुद्दा, कारण मागावी लागणारी रजा ही बाई कधीच मागणार नाही.

दरखास्तीस विरोध कोणी केला नाही. पाळकसाहेबांनी अनुमोदन दिले, चिटणिसांनी मसुदा टिपून घेतला, दुसरा नायक कोण यावर अर्धा तास चर्चा झाली आणि नाव निघाले नाही. तेव्हा विषय पुढील सभेवर तहकूब करण्यात आला. पुढील सभा जानेवारीत आहे. हवालदारांच्या रजेचा अर्ज यंदाही डिसेंबरचाच आहे असे ऐकतो, आणि कॅरल पार्टीच्या घरांची यादी तिने परवाच माझ्याकडे तपासावयास पाठविली आहे.