नोंदी ठेवणाऱ्यांचा पगार कोण देणार?

मे 1996 मध्ये जिनिव्हाच्या आमोस बायरॉक यांनी जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना कळवले, की पैसे संपले, 30 जूनला ‘स्विस-प्रॉट’ बंद होणार. प्रथिनांची माहिती माणसांकरवी तपासून नोंदवणारा हा संग्रह त्यांनी दहा वर्षांपूर्वी उभा केला होता. तो हक्काचा समजून वापरणाऱ्यांची झोप उडाली. पाठिंब्याच्या पत्रांचा पाऊस पडला, तात्पुरता पैसा मिळाला आणि 1998 मध्ये स्विस जैवमाहितीशास्त्र संस्था स्थापन झाली. तहान लागल्यावर विहीर खणली, निदान पाणी तरी लागले.

प्रश्न मात्र सुटलेला नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातले काही भाग स्वतंत्रपणे घडी घेतात आणि बऱ्याचदा ठरावीक काम करतात, ती डोमेन. एकच डोमेन जिवाणूत, भातात आणि माणसातही सापडू शकते. म्हणूनच नवा जीनोम वाचून झाला, की त्यात ओळखीची डोमेन कोणती हे ‘पीफॅम’सारख्या संग्रहात पाहतात. तिथे आज 20 हजारांहून अधिक कुटुंबे आहेत. प्रत्येक कुटुंबातल्या निवडक साखळ्या एकाखाली एक मांडून संगणकी प्रारूप तयार होते. नवी साखळी किती गुण मिळाल्यावर घरची मानायची, ती रेषा मात्र जाणकार माणूस आखतो. रेषा सैल पडली, की परके आत शिरतात आणि ती चूक पुढे इतर संग्रहांत झिरपत जाते.

ज्यांचे काम ठाऊक नाही, अशा कुटुंबांना ‘डीयूएफ’ आणि एक क्रमांक एवढेच नाव मिळते. निव्वळ अडगळ वाटावी अशी ही नोंद! पण डीयूएफ 1 आणि डीयूएफ 2 यांचे पुढे काय झाले पाहा. एक डोमेन जिवाणूच्या पेशीत संदेश देणारा छोटा रेणू बनवते, दुसरे तो तोडते, असे निघाले. जिवाणूने पोहत राहायचे की पृष्ठभागाला चिकटून बुळबुळीत थर करायचा, हे बरेचसे त्या रेणूच्या प्रमाणावर ठरते. पटकीच्या जिवाणूतही हीच यंत्रणा आहे.

आता साखळीवरून प्रथिनाची त्रिमितीय रचना वर्तवणारे आल्फाफोल्ड आहे, मग या कारकुनीची गरज काय, असे विचारले जाते. पण आल्फाफोल्ड शिकले कशावर? 1971 मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेवर. तिथे साचलेल्या सुमारे 1 लाख 70 हजार रचना नसत्या, तर 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल आल्फाफोल्ड घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांच्याकडे गेले नसते. बक्षीस मिळाले, ते योग्यच. मात्र अशा संग्रहांची पुष्कळशी कामे अजूनही तीन-पाच वर्षांच्या अनुदानावर चालतात, आणि मुदत संपत आली की अनुभवी तपासनीस दुसरी नोकरी धुंडाळू लागतो.

भारताने 2022 मध्ये फरिदाबादला राष्ट्रीय जैविक डेटा केंद्र सुरू केले. सर्व्हर विकत मिळतात. नोंद चुकली आहे हे ओळखणारा माणूस घडायला वर्षे लागतात, तेव्हा केंद्राच्या अंदाजपत्रकात यंत्रांच्या आधी त्याची कायम पदे दिसली पाहिजेत.