रक्तातिसाराचे निदान

राजारामपुरीत गल्लोगल्ली दवाखाने आहेत. तरीही शौचावाटे रक्त जाणारा तरुण रुग्ण बहुधा ‘मूळव्याध’ हे नाव घेऊनच आमच्यापुढे येतो. तांबडा रस्सा वर्ज्य झालेला असतो, गुदपरीक्षण मात्र झालेले नसते!

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे रक्तातिसार आणि क्रोन्स म्हणजे ग्रहणी, हे सरधोपट समीकरण आम्हांस मान्य नाही. क्रोन्स व आंत्रक्षय दोन्ही बहुधा लघ्वंत्राच्या शेवटी बसतात; क्षयात स्टिरॉइड दिल्यास अनर्थ ओढवतो. म्हणून कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सी आधी, कुटज नंतर.

चरकाचार्यांची पिच्छाबस्ती आजही आमचे मोठे बळ आहे. शाल्मलीचे ओले देठ कुशात गुंडाळून, वर काळी माती लिंपून गोवऱ्यांच्या अग्नीवर शिजवावेत, कुटून दुधात मिसळावेत, हा खटाटोप किती दवाखान्यांत होतो? तयार चूर्णावर भागवणाऱ्यांनी गुणाची अपेक्षाही बेतानेच ठेवावी. शिवाय बस्तीचा स्थानिक परिणाम मुख्यतः गुद व डाव्या बृहदंत्रापुरता असतो, हेही ध्यानात घ्यावे.

दिवसाला सहा किंवा अधिक रक्तमिश्रित वेग, सोबत ज्वर किंवा नव्वदीपुढची नाडी, अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. त्यात कमीपणा कसला? ‘आमचे औषध सुरू, त्यांचे बंद’ असे सांगून स्टिरॉइड एकाएकी थांबवणे तर प्राणघातक ठरू शकते.

रक्त थांबले म्हणजे व्याधी संपला नव्हे. मोठे आतडे व्यापणाऱ्या कोलायटिसमध्ये सुमारे आठ वर्षांनंतर कर्करोगासाठी कोलोनोस्कोपी करावी लागते; ती तारीख आम्ही रुग्णपत्रिकेवर पहिल्याच भेटीत लिहून ठेवतो.