जग बुडाल्यावर हाती बंदूकच का?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आलेल्या पंधरा वर्षांच्या भाच्याने विचारले, ‘मामा, जग बुडालेलं असतं, पण सारखं कुणाला मारावं लागत नाही, असा एखादा गेम आहे का?’ ओस पडलेली शहरे, गंजलेल्या गाड्या, त्यातून वाट काढणारा एकटा नायक हे सारे त्याला आवडते. दर दोन मिनिटांनी समोरच्याला गोळी घालण्याचा मात्र त्याला कंटाळा आला होता. मग सहज म्हणाला, ‘खरंच असं काही झालं तर माणसं एकमेकांना मारायलाच लागतील का?’

पहिला प्रश्न खेळाचा, दुसरा विज्ञानाचा. आधी दुसरा घेऊ.

आपत्तीत माणसे कशी वागतात, याचा पद्धतशीर अभ्यास करणारे केंद्र अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात १९६३ मध्ये सुरू झाले. आता ते डेलावेअर विद्यापीठात आहे. एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंप, पूर, वादळे यांनंतरच्या माणसांचा अनेक दशके मागोवा घेतला. सिनेमात दिसते तशी सैरावैरा पळापळ प्रत्यक्षात क्वचितच होते, असे त्यांना आढळले. बचाव पथक पोहोचण्याआधी शेजारीच शेजाऱ्याला बाहेर काढतो. आपल्याला हे नवीन नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री अनोळखी माणसांना घरात घेणारी, रस्त्यावर उभे राहून चहा-बिस्किटे वाटणारी मुंबई अनेकांनी पाहिली आहे. युद्ध किंवा दीर्घ टंचाई यांत चित्र वेगळे असू शकते, हे खरे. पण संकट आले की माणूस लगेच जनावर होतो, ही समजूत अभ्यासाला धरून नाही.

मग बहुतेक गेममध्ये प्रलयानंतर पहिली हाती येते ती बंदूकच का? कारण गोळीबार दाखवणे सोपे आणि विश्वास दाखवणे अवघड.

इथे एक गैरसमज नको. असे गेम खेळून मुले हिंसक होतात, असे मी म्हणत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे हजार ब्रिटिश किशोरवयीनांची पाहणी होती. हिंसक गेम खेळणे आणि पालकांना जाणवलेली आक्रमकता यांत त्यांना संबंध आढळला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. संकटात शेजारी शत्रूच असतो, हे चित्र शंभरदा पाहिले की तेच स्वाभाविक वाटू लागते. हे माझे मत आहे, प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. पण भाच्याचा दुसरा प्रश्न त्यातूनच आला, असे मला वाटते.

आता पहिला प्रश्न. असे गेम आहेत, फक्त शोधावे लागतात. भूमिका घेऊन खेळायच्या म्हणजे रोल-प्लेइंग प्रकारातला १९९७ चा ‘फॉलआउट’ अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात घडतो. त्यात हाणामारी भरपूर आहे आणि तो मोठ्यांसाठीच आहे. तरीही त्यातला मुख्य शत्रू गोळीविना हरवता येतो. साऱ्या मानवजातीचे रूपांतर नव्या उत्परिवर्तित जातीत करण्याचा त्याचा बेत असतो. ही जात वांझ आहे, तिला पुढची पिढीच नाही, याचा वैद्यकीय पुरावा समोर ठेवला की तो खचतो आणि स्वतःच सगळे संपवतो. शवविच्छेदनाच्या अहवालाने जिंकता येणारा असा गेम मला तरी दुसरा माहीत नाही.

चीनमध्ये तयार झालेल्या ‘माय टाइम अ‍ॅट पोर्शिया’मध्ये विनाशाला काही शतके उलटली आहेत. वडिलांची जुनी कार्यशाळा तुमच्या हाती येते. भंगार उकरायचे, यंत्रे जोडायची, पूल बांधायचा, गावकऱ्यांशी नाती जोडायची. लढाई आहे, पण ती गेमचा प्राण नाही. हिदेओ कोजिमा यांचा २०१९ चा ‘डेथ स्ट्रँडिंग’ काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग नाही, पण याच वाटेवरचा आहे. नायक पाठीवर ओझे घेऊन एकमेकांपासून तुटलेल्या वस्त्यांना सामान पोहोचवतो. इथे माणूस मारला तर त्याच्या प्रेतामुळे प्रचंड स्फोट होण्याचा धोका, म्हणजे मारणाऱ्याचेच नुकसान. दुसऱ्या कुणा अनोळखी खेळाडूने लावलेली शिडी मात्र तुमच्या वाटेत उपयोगी पडते.

निवडताना एक साधी कसोटी लावा. या गेममध्ये बक्षीस कशाचे मिळते? रोल-प्लेइंग गेममध्ये नायक अनुभवाचे गुण मिळवून मोठा होतो. हे गुण फक्त मारल्याने मिळत असतील, तर जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, तो लढाईचाच गेम. बोलणे, दुरुस्ती, शोध, उपचार यांचेही गुण मिळत असतील तर पुढे जा. विकत घेण्यापूर्वी कुणीतरी खेळतानाचा अर्धा तासाचा व्हिडिओ पाहा, म्हणजे हात बहुतेक वेळ कशात गुंततो ते कळते. वयाचे मानांकन जरूर वाचा.

गेम शांत आहे म्हणून तासन्‌तास चालेल, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. पूल बांधण्याचा गेमही पहाटे तीनपर्यंत खेळला तर झोप तितकीच जाते.

भाच्याला मी पोर्शिया सुचवला. आठवड्याने त्याचा फोन आला. पूल बांधून झाला होता, पण त्याला कौतुक वेगळ्याच गोष्टीचे होते. म्हणाला, ‘मामा, यात गावातले सगळे आता मला नावानं ओळखतात.’