घटनेचें मौन

ग्रंथ जेथें मौन धरतो, तेथें त्या मौनाचा अर्थ निषेध असा करावा कीं अनुज्ञा असा, हा वाद आमच्या शास्त्रकारांना नवा नाहीं. अमेरिकेंत याच वादावर असंख्य स्त्रियांचें भवितव्य अवलंबून राहिलें आहे.

त्या देशाच्या घटनेंत 'गर्भपात' हा शब्दहि नाहीं. १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तींत एवढेंच आहे कीं, कायद्याच्या योग्य प्रक्रियेवांचून कोणत्याहि राज्यानें कोणाचें जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊं नये. १९७३ सालीं 'रो विरुद्ध वेड' या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ७ विरुद्ध २ मतांनीं ठरविलें कीं, गर्भ ठेवावा कीं नाहीं हा स्त्रीचा निर्णयहि कांहीं मर्यादेपर्यंत या 'स्वातंत्र्य' शब्दांत येतो. पुढें २४ जून २०२२ रोजीं 'डॉब्स' खटल्यांत त्याच न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. न्यायमूर्ति अलिटो यांचें म्हणणें असें कीं, घटनेंत न लिहिलेला हक्क राष्ट्राच्या इतिहासांत व परंपरेंत खोल रुजलेला असेल तरच मानावा; आणि १८६८ सालीं तर ३७ पैकीं २८ राज्यांत गर्भपात हा गुन्हा होता.

भ्रूणहत्या हें पातक, अशाच संस्कारांत आम्ही वाढलों. म्हणून हा निकाल वाचून आम्हांस प्रथम समाधान वाटलें. परंतु भिन्नमत नोंदविणाऱ्या तीन न्यायमूर्तींचा युक्तिवाद वाचला, आणि तें समाधान डळमळलें. ते म्हणतात, १८६८ ची दुरुस्ती संमत केली ती पुरुषांनीं. स्त्रियांचा मताधिकार त्या घटनेंत आला तो १९२० सालीं. ज्या परंपरेनें स्त्रीला बोलूंच दिलें नाहीं, तींत तिचा हक्क शोधूं गेल्यास तो सांपडावा कसा?

न्यायाधीशांनीं आपलीं मतें घटनेच्या शब्दांत भरूं नयेत, हा प्रतिपक्षाचा आक्षेपहि पोकळ नाहीं. प्रश्न लोकांकडे परत द्यावा, असें तो म्हणतो. तसा तो दिलाहि गेला. २ ऑगस्ट २०२२ रोजीं कॅन्सस राज्यांत, आमच्या राज्यघटनेंत असा हक्क नाहीं असें लिहून टाकावें काय, असें मतदारांना विचारलें. शेंकडा ५९ मतें 'नको' अशीं पडलीं. या वेळीं मत देणाऱ्यांत स्त्रियाहि होत्या.

पातकाविषयीं आमचें मत अद्यापि बदललेलें नाहीं. मात्र जिच्या देहावर निवाडा व्हावयाचा, तिला वगळून तो करूं नये, एवढें आम्हांस पटलें आहे. वाचकांनीं हा लेख घरांत मोठ्यानें वाचावा, प्रथम मत माजघरांत विचारावें, आणि तें पुरतें ऐकून घ्यावें.