चित्र सुंदर, पण माप कोठे?

नवा माल बाजारात आणायचा असला की मोठ्या कंपन्या हल्ली नुसती जाहिरात देत नाहीत, समारंभ घडवितात. एखादे दालन उभारायचे, त्यात प्रकाश आणि आवाजाची योजना करायची आणि आत आलेल्या माणसाला घटकाभर त्या मालाच्याच दुनियेत नेऊन सोडायचे, अशी ही रीत आहे. हे दालन आधी संगणकावर उभे राहते. ते कसे दिसेल याचे हुबेहूब चित्र, ज्याला धंद्यात 'रेंडर' किंवा 'थ्रीडी' म्हणतात, दाखवून काम मिळविले जाते. मग ते काम ठेकेदारांच्या हातून उतरत आपल्या सुतार, रंगारी, वेल्डर, वायरमन आणि मंडपवाल्या बांधवांपर्यंत येते. दर मात्र त्या चित्रावरच ठरतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, नुसत्या चित्रावर दर देऊ नये.

संगणकातल्या भिंतीला जोड नसतो. चित्रात ३ मीटर उंचीची गुळगुळीत भिंत सहज उभी राहते. बाजारातले प्लायवूड मात्र सर्वसाधारणपणे ८ बाय ४ फुटांचे, आणि ३ मीटर म्हणजे ९ फूट १० इंच. तेव्हा वर १ फूट १० इंचांचा तुकडा जोडणे आले. जोड आला की पुट्टी आली, घासकाम आले, रंग आला आणि तो वाळण्याचा वेळही आला. प्रदर्शनात उभारणीसाठी बहुधा एक-दोन दिवसच हाती असतात. चित्रातली फळी आधारावाचून अधांतरी राहते, प्रत्यक्षात तिला लोखंडी सांगाडा लागतो. चित्रातल्या दिव्याला वायर नसते. सभागृहातला खांब पुष्कळदा चित्रात नसतोच. शिवाय रुंद कोनातून चित्र काढले की ३ बाय ३ मीटरचा स्टॉल दिवाणखान्याएवढा भासतो.

आमच्या पाहण्यातल्या एका सुतार बांधवाने मोबाईलवरचे एकच चित्र पाहून "हो जायेगा, साहेब" म्हणून बयाणा घेतला. कमान समोरून सरळ दिसत होती. ती मागच्या बाजूलाही वळते, हे काम सुरू झाल्यावर कळले. शेवटच्या रात्री जादा माणसे लावून, दुप्पट मजुरी देऊन त्याने काम पुरे केले. नंतर "चित्राप्रमाणे झाले नाही" म्हणून बिल कापले गेले. काम देणाऱ्याने त्याच्यावर अन्याय केला हे खरेच. पण माप न विचारता होकार देण्याची आपली सवयही त्या नुकसानीत भागीदार आहे.

२०२२ पासून हा धोका वाढला आहे. चार ओळी लिहून दिल्या की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने डोळे दिपविणारे चित्र काढून देतात. थ्रीडी आराखड्यावरून केलेल्या रेंडरमागे निदान माप तरी असते, या चित्रामागे तेही नसते.

कारागिराच्या चित्राला मापाचा पाया असावा, ही गोष्ट नवी नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या संग्रहालयात सुमारे साडेएकोणतीस मीटर लांबीची एक जुनी गुंडाळी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीची किंवा सोळाव्या शतकाच्या आरंभीची ती मानली जाते. तिच्यावर इमारतीच्या नक्षीचे ११४ नमुने आहेत. शाईच्या रेघांखाली शाईवाचून कोरलेल्या बारीक रेघा दिसतात. त्या मापाच्या रेघा होत. त्या रेघांच्या आधारावर नक्षी बांधलेली आहे.

म्हणून बयाणा घेण्यापूर्वी पाच गोष्टी मागाव्यात. वरून आणि चारही बाजूंनी मापे घातलेला नकाशा. प्रत्येक भागाचे साहित्य आणि जाडी. विजेचा एकूण भार. आयोजकांनी ठरविलेली उंचीची मर्यादा आणि उभारणीचे तास. आणि मागाहून बदल झाल्यास पैसे कोण देणार, हे लेखी. मंजूर चित्रावर तारीख व सही घेऊन ते ऑर्डरला जोडून ठेवावे. काम निसटेल या भीतीने गप्प राहणारा पुढे तोट्यात बोलतो.

आम्ही रेंडरच्या विरोधात नाही. पडद्यावरची चूक पुसता येते, कापलेली प्लाय परत जोडता येत नाही. उलट ही विद्या आपल्या कारखान्यातच यावी. ब्लेंडर हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. घरातल्या शिकलेल्या मुलाने तो शिकावा आणि रंधा धरणाऱ्या वडिलांनी शेजारी बसून जोड कोठे येईल ते सांगावे. मग ठेकेदाराचे चित्र तपासता येईल आणि उद्या स्वतःचे चित्र घेऊन थेट कंपनीच्या दारातही जाता येईल.

लहान व्यापाऱ्यालाही याचा उपयोग आहे. अत्तराचा सुगंध चित्रात येत नाही, हिमरूचा मऊपणाही येत नाही. पण गिऱ्हाईक कोठून आत येईल, कोठे थांबेल, कुपी त्याच्या हाताशी कोठे असेल आणि मागच्यांची वाट अडणार तर नाही ना, हे आधी पाहता येते. माणसाला त्या दुनियेत नेणे म्हणतात ते हेच. त्याला झगमगाटापेक्षा विचार जास्त लागतो.

चित्र हा शब्द दिल्यासारखा आहे. जो शब्द आपल्या हातांना पाळायचा आहे, तो दुसऱ्याने आपल्या वतीने देऊ नये. निदान तो मोजून घेतल्यावाचून आपण स्वीकारू नये.